तीस जण आले, चार उरले

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जंगलालगत आहे. गावातील सरकारी मराठी शाळेचा पट अकरावर आल्यामुळे ती बंद पडेल या भीतीने आम्ही काही तरुणांनी दिवाळीनंतर एक गट केला. पहिल्या रविवारी शाळा रंगवायला तीस जण आले. आता बैठकीला चौघे येतात आणि व्हॉट्सॲपवर मात्र शंभरावर जण अंगठा दाखवतात. पंच कमिटीतील ज्येष्ठ म्हणतात, ‘पोरांचा उत्साह आहे, उतरेल.’ सगळी कामे माझ्याच अंगावर पडली आहेत. माझ्यात नेतृत्वाचे गुण नाहीत असे समजावे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अंगठा दाखवणे या वाक्प्रचाराचा जुना अर्थ आपण जाणताच, तेव्हा व्हॉट्सॲपचा आकडा सोडून द्यावा. त्या रविवारी आलेल्या तीस जणांना आपण नेमके काय सांगितले होते, ते आठवून पाहावे. बहुधा ‘या’ एवढेच सांगितले असणार. रंग झाला, चहा झाला, फोटो झाला, आणि पुढच्या रविवारी आपल्यावाचून काही अडेल असे कोणालाच वाटले नाही.

भाताच्या रोप लावणीला पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायला, जाणारी माणसे मात्र चुकत नाहीत. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी जायचे, रोपाच्या जुड्या कोण पोहोचवणार, दुपारची भाकरी कोणाकडची, हे आदल्या दिवशीच ठरलेले असते, आणि जो आला नाही त्याच्या शेताकडेही कोणी फिरकत नाही. शाळेच्या कामाला अशी नावनिशीवार वाटणी झाली आहे का? पट का घसरला याचे उत्तर भिंतीच्या रंगात सापडणार नाही. गावातील किती मुले बाहेरच्या शाळेच्या गाडीत बसतात आणि त्यांच्या आयांना इथे काय कमी वाटते, हे घरोघर विचारून लिहून आणण्याचे काम दोघींकडे सोपवावे. खोलीची किल्ली एकाकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे द्यावी.

वही दिल्यावर ती परत मागू नये, हे मी मुद्दाम सांगतो. एका गावातील गटाची अशी वही मी पाहिली आहे. पहिली काही पाने एका सुबक अक्षरात, पुढची तीन पाने दुसऱ्या, खाडाखोड केलेल्या अक्षरात, आणि त्यानंतर पुन्हा तेच सुबक अक्षर. बेरीज चुकली म्हणून गटप्रमुखाने वही स्वतःकडे घेतली होती, आणि त्या तीन पानांची मुलगी नंतर बैठकीला आली नाही. बेरीज शेजारी बसून दुरुस्त करता आली असती. सगळे माझ्याच अंगावर पडते, असे म्हणणाऱ्या पुष्कळ कार्यकर्त्यांनी ते असे एकेक करून स्वतःच ओढून घेतलेले असते. आपले तसे झाले आहे का, ते आपणच तपासावे.

शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती आहे, तिला डावलून समांतर दरबार भरवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे. बैठक रात्री आठ वाजता देवळात ठेवली तर भाकऱ्या थापणारी बाई तिथे येणार कशी? शाळा सुटण्याच्या वेळी व्हरांड्यातच बसावे.

आता अर्जांविषयी. कार्यालयातील कागद कन्नडमध्ये असतात, आणि त्यावरून आपल्या भागात कोणत्याही सामाजिक कामाला पहिला प्रश्न ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असाच विचारला जातो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण शाळेचे गळके कौल तोवर वाट पाहत नाहीत. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. त्याचा उल्लेख करून उत्तम कन्नडमध्ये अर्ज लिहिणारा तरुण गावात असेल तर तो गटातला सर्वांत मोलाचा माणूस समजावा. तो अर्ज सही करण्यापूर्वी बैठकीत मराठीतून समजावून सांगितला जावा, म्हणजे त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही आणि सही करणाऱ्यालाही आपण काय मागतो आहोत ते कळेल. शेजारच्या कन्नड शाळेच्या पालकांनाही एकदा बोलवावे; बसची आणि शिक्षकांच्या रिक्त जागांची अडचण त्यांचीही असू शकते.

पंच कमिटीच्या ज्येष्ठांशी वाद घालू नये. त्यांच्याकडे पाठिंबा मागायला न जाता, त्यांनाच जमेल असे एक काम घेऊन जावे. ज्या घरी तरुणांना उंबऱ्यावरूनच परत पाठवले जाते, तिथे एखाद्या काकांना सोबत नेले तर निदान पाट तरी मांडला जातो.

चौघांपैकी एकाला पुढची बैठक चालवू द्यावी, आणि त्या दिवशी आपण मागे बसावे. मध्येच बोलण्याचा मोह फार होईल.

प्रश्न : आमचा महिला बचत गट निपाणीजवळच्या गावात आहे. गटाला वजन यावे म्हणून तालुक्यातील एखाद्या नावाजलेल्या कार्यकर्त्यांना मार्गदर्शक म्हणून आणावे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या निपाणीनेच याचे उत्तर दिलेले आहे. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ महामार्गावर बसले आणि अखेर पोलिसांच्या गोळीबारात बारा जणांनी प्राण गमावले. त्या आंदोलनाचे नेते, शेतकरी संघटनेचे शरद जोशी, बाहेरून आलेले होते, हे खरे. पण इतक्या माणसांची भाकरी, पाणी आणि रात्रीची जाग एकटा नेता सांभाळू शकत नाही, ती गावोगावच्या माणसांनीच सांभाळावी लागते. तेव्हा आधी एवढे पाहावे की अध्यक्ष आजारी पडल्या तर बँकेत कोण जाईल, आणि पासबुकावरील शिल्लक किती बायकांना वाचता येते. पुढच्या तीन बैठकांत वेगवेगळ्या तिघींनी पासबुक मोठ्याने वाचून दाखवावे. मार्गदर्शक त्यानंतर बोलवावेत, आणि त्यांच्यासमोरही पासबुक त्या तिघींपैकीच कोणीतरी वाचावे.