चाचणीला गेलो तर घरी कळेल का?

"सर, तपासणी केली तर घरी फोन जाईल का?" देहविक्री करणारे पुरुष समुपदेशनाला येतात तेव्हा आजाराच्या आधी बहुतेकांच्या तोंडी हाच प्रश्न येतो. घरी फोन जात नाही. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तसेच अहवाल घरच्यांना वा मालकाला सांगता येत नाही. न्यायालयाचा आदेश, उपचार करणारे इतर डॉक्टर आणि बाधिताच्या जोडीदाराला असलेला गंभीर धोका असे मोजके अपवाद आहेत. जोडीदाराच्या बाबतीतही आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्याची संधी द्यावी लागते. विवाहित पुरुषांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो, कारण नंतर कळले तर विश्वास तुटतो.

या भीतीपोटी माणूस चाचणी टाळतो हे सर्वांना माहीत आहे. पण केंद्रापर्यंत येऊनही तो अर्धेच सांगतो आणि मग तपासणीही अर्धीच होते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्यातून पुण्यात आलेला आणि पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक तरुण असाच आला होता. (त्याच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मेसचे आणि अभ्यासिकेचे पैसे भागवण्यासाठी तो मोबाईलवरील ॲपवरून मालिशीची कामे घेई आणि पुढे शरीरसंबंधाचेही पैसे मिळू लागले. "काल रात्री बाहेर संबंध आला, कंडोम फाटला," एवढेच तो बोलला. ऐकणारा स्त्रीशी आलेला संबंध गृहीत धरतो, आणि सांगणाऱ्यालाही तेच सोयीचे वाटते.

म्हणून मी प्रत्येकालाच विचारतो ते त्यालाही विचारले: जोडीदार पुरुष होता की स्त्री, संबंध मुखावाटे होता की गुदमार्गाने, त्यात तुम्ही घेणारे होता की करणारे, आणि वंगण म्हणून काय वापरले? बराच वेळ तो गप्प बसला. मग त्याने पिशवीतून मालिशीच्या खोबरेल तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यामागोमाग मेडिकलमधून स्वतःच आणलेली, दोन गोळ्या संपलेली अँटिबायोटिकची स्ट्रिपही बाहेर आली. कंडोम का फाटला याचे उत्तर त्या बाटलीत होते. तेल लागले की लेटेक्सचा कंडोम काही मिनिटांतच कमकुवत होतो, आणि मालिशीचे काम करणाऱ्याचे हात तर सतत तेलाचेच असतात. जास्त सुरक्षितता म्हणून तो कधीकधी एकावर एक दोन कंडोमही लावत असे. घर्षणाने तेही फाटण्याची भीती असते. हात साबणाने धुऊन एकच कंडोम आणि तेल नसलेले, पाण्यावर आधारित वंगण वापरणे, हा त्यावरचा साधा उपाय त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

कंडोमशिवायच्या गुदसंभोगात जोडीदार बाधित असून उपचारांवर नसेल, तर घेणाऱ्याला एका वेळेस दहा हजारांत सुमारे १३८ इतका एचआयव्हीचा धोका असतो आणि करणाऱ्याला सुमारे ११. तरुण घेणारा होता, जोडीदाराविषयी काहीच माहिती नव्हती आणि घटनेला एकच रात्र उलटली होती. संसर्ग रोखणारी 'पेप' ही औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी ती त्याच दिवशी सुरू केली. त्याने आपली भूमिका लपवली असती, तर त्या दिवशी हा निर्णय इतक्या सहज झाला नसता.

त्या दिवशीची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. मात्र तिचा आदल्या रात्रीशी काही संबंध नाही, हे त्याला दोनदा समजावावे लागले. ताजा संसर्ग चाचणीत दिसायला काही आठवडे जातात. रक्तात सिफिलिस हा शरीरसंबंधातून पसरणारा आजार मात्र सापडला, ज्याची त्याला कसलीही लक्षणे नव्हती. गुदद्वारातला व घशातला गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हे असेच पसरणारे आजारही पुष्कळदा असेच मुके असतात आणि लघवीच्या तपासणीत ते सापडत नाहीत. त्यासाठी त्या त्या जागेचा नमुना घ्यावा लागतो. त्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले, हेपटायटिस बीची लस सुरू झाली आणि मनाने घेतलेली अँटिबायोटिक बंद झाली.

तीन महिन्यांनंतरचा अहवालही निगेटिव्ह आला. काम त्याने सोडलेले नाही आणि सोड असे मी म्हटलेलेही नाही, कारण तसे सांगितले की माणूस पुन्हा येत नाही. कंडोम नको म्हणून जास्त पैसे देऊ करणारी गिऱ्हाईके अजूनही भेटतात. त्यांना तो आता लॉजवर जाण्याआधी फोनवरच नकार कळवतो, कारण बंद खोलीत एकट्याने नकार देणे धोक्याचे असते. सध्या आमची चर्चा 'प्रेप'वर चालू आहे. संसर्ग होण्याआधीपासून घ्यायच्या या गोळ्या एचआयव्हीपासून चांगले संरक्षण देतात, सिफिलिसपासून देत नाहीत, आणि त्या चालू असताना एचआयव्हीची व मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. दरमहाचा खर्च आणि कॉटखाली गोळ्यांची डबी कोणाच्या नजरेस पडेल ही धास्ती, या दोन्हींचा विचार करून त्याने अजून निर्णय घेतलेला नाही.