बँडसकट ऐक

पोरी, तुझा मेसेज वाचला. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा आवाज आवडतो पण मागचा बँड डोक्यात जातो, म्हणून अ‍ॅप लावून बँड काढून टाकलास, आणि आता तो आवाजही कोरडा लागतोय, मग आपल्याला हे म्युझिक कळतच नाही का, असं विचारतेस. कळतं गं, कळतं म्हणूनच कोरडं लागलं. बँडसकट ऐक.

तबला-पेटी काढून नाट्यगीत ऐकशील का तू?

1940च्या आसपासचे हे गायक बँडमध्ये पगारावर होते, बँडचे मालक नव्हते. 78ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड जेमतेम तीन मिनिटांची, त्यात बरेचदा पहिला कोरस, म्हणजे गाण्याचा एक पूर्ण फेरा, बँडच वाजवायचा, गाणारी बाजूला खुर्चीवर बसलेली, तिची पाळी आली की उठायचं, एक कोरस गायचा की परत खुर्चीत. समोर लोक नाचतायत, त्यांची लय मोडायची नाही. सिनात्रा 1940 मध्ये बँडवाल्या टॉमी डॉर्सीकडे लागला तो असाच. डॉर्सी ट्रॉम्बोनवर, त्या फुंकायच्या पितळी वाद्यावर, एवढी लांब ओळ ओढायचा की श्वास कधी घेतो तेच कळायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून चोरून घ्यायचा. सिनात्रा हे मागे बसून बघायचा आणि तेच त्याने गळ्यात आणलं. म्हणजे जो आवाज तू सोलून वेगळा काढतेस ना, त्याचा दमसासच बँडमधून आलाय! मग बँड काढून काय उरणार?

आणि तुझा हा प्रयोग आधीच होऊन गेलाय. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद केलं, गायक त्या युनियनमध्ये नव्हते, म्हणून 1943 मध्ये सिनात्राच्या मागे वाद्यांऐवजी नुसते साथीला गाणारे उभे करून रेकॉर्डी काढल्या. ऐक त्या. आवाज तोच, पण टेकायला जागाच नाही त्याला.

आता बसून टॉमीच्या भावाचं, जिमी डॉर्सीच्या बँडचं 1941चं 'ग्रीन आईज' ऐक. बॉब एबरली संथ, अगदी लाडात गातो, मग बँड एकदम वेग वाढवतो, आणि त्यानंतर हेलन ओकॉनेल येते ती वेगळ्याच तोऱ्यात. गाणं तेच. मधला बँडचा तुकडा पुढे ढकललास तर ती अशी का गाते हे तुला जन्मात कळायचं नाही. ढकलू नकोस! बँडसकट!

मी चिडून लिहितोय असं वाटेल. मला असा बँड समोर बसून ऐकायला मिळाला नाही कधी, ही हळहळ जात नाही. पंधरा माणसांचं वाजवणं छातीवर येतं तेव्हा काय होतं, हे मी रेकॉर्डीवरूनच समजून घेत आलो. घरचे म्हणायचे हा पितळेचा गोंगाट बंद कर, मित्र म्हणायचे डायरेक्ट गाण्यावर ने, मी नाही नेलं. हट्टी म्हणाले, म्हणू देत, त्या हट्टामुळेच मला आज टॉमी डॉर्सीचा ट्रॉम्बोन दोन सुरांत ओळखता येतो आणि सिनात्राची ओळ कुठे तुटणार नाही हे आधी कळतं. हे तुलाही जमेल, तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणून तर राग येतो.

ते अ‍ॅप उडव. रविवारपर्यंत 'ग्रीन आईज' ऐकून मला लिही, एबरलीबद्दल नको, हेलनबद्दलही नको, वेग नेमका कुठे वाढला आणि तेव्हा कोण वाजवत होतं तेवढं लिही.