रोबोटच पिपेट धरणार, तर लेकीने काय शिकायचं?

प्रश्न: मुलगी लातूरला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं म्हणते. पण तिथे आता सगळं रोबोटच करतात असं ऐकतो. एक संस्था ‘लॅब ऑटोमेशन’चा तीन महिन्यांचा कोर्स दीड लाखात देते. तिला घालावं का? – एक शेतकरी पालक, औसा तालुका

उत्तर: नमस्कार. ते दीड लाख आत्ता भरू नका.

नव्या औषधाच्या शोधात सुरुवातीला हजारो, कधी लाखो रसायनं तपासून बघतात. कोणतं जंतूला रोखतं, कोणतं एखाद्या एन्झाइमचं काम थांबवतं, याचीच ही चाळणी. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६, ३८४ किंवा १५३६ खळगे असतात, त्यांना वेल म्हणतात. ३८४च्या प्लेटमध्ये बऱ्याचदा ३२० वेलमध्ये रसायनं आणि उरलेल्या ६४मध्ये कंट्रोल, म्हणजे ज्यांचा निकाल आधीच माहीत असतो असे तुलनेचे नमुने, ठेवतात. १ लाख रसायनं तपासायची तर ३१३ प्लेट झाल्या. हे हातात पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, धरून भरायला बसलं तर अंगठा कामातून जाईल आणि चुका होतील त्या वेगळ्याच. ते काम रोबोटकडे गेलं, बरंच झालं.

पण प्लेट भरली म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. कडेच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं, त्यामुळे तिथले आकडे मधल्यांपेक्षा वेगळे येतात. तुम्ही शेतकरी आहात, बांधालगतच्या तासांवरून अख्ख्या वावराचा उतारा काढत नाही, तसंच हे. रसायनं ज्या डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवून ठेवतात तो हवेतली ओल ओढून घेतो, मग द्रावण पातळ होतं. काही रसायनं स्वतःच चमकतात आणि यंत्राला वाटतं औषध सापडलं! रोबोट यातलं काहीही तुम्हाला आपणहून सांगणार नाही; सांगितलं तेवढे थेंब टाकून तो मोकळा होतो. कंट्रोलचे आकडे घेऊन झेड-प्राइम, म्हणजे प्लेट किती भरवशाची ते सांगणारा आकडा, काढायचा, तो ०.५च्या खाली आला तर प्लेटवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायचं, आणि ‘सापडली’ म्हणून आलेली रसायनं दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासायची, हे माणसाचं काम आहे. पगार त्याचाच मिळतो.

ते शिकायला महागडा रोबोट लागत नाही. कॉलेजात एलायझा रीडर (वेलमधला रंग मोजणारं यंत्र) असेल तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ९६ वेलच्या प्लेटवरच करायला सांगा. एखाद्या वनस्पतीच्या अर्काची जंतूंवर एमआयसी, म्हणजे त्यांची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा, काढणं चालेल. विषय जुना आहे, असू दे. कंट्रोल नीट ठेवले आणि तोच प्रयोग तीनदा करून आकड्यांतला फरक मांडला, तर मुलाखतीत तिला बोलायला भरपूर असेल. सोबत सांख्यिकी आणि पायथन ही संगणकाची भाषा शिकू दे. ओपनट्रॉन्स नावाच्या रोबोटला पायथनमध्ये सूचना लिहून देता येतात आणि त्या सूचना यंत्राशिवाय लॅपटॉपवर चालवून बघायची सोय फुकट आहे. ती संस्था आणखी काय शिकवणार? विचारायचंच असेल तर एवढं विचारा: तुमच्याकडे यंत्र कोणतं आहे आणि माझी मुलगी स्वतः ते किती तास चालवेल? उत्तरात नुसतं ‘सर्टिफिकेट’ आणि ‘प्लेसमेंट’ ऐकू आलं तर फोन ठेवून द्या.

बी.एस्सी.वर या क्षेत्रात फार वर जाता येत नाही, एम.एस्सी. हवीच. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षा, म्हणजे जीएटी-बी आणि आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर, दोन्ही द्यायला सांगा. जीएटी-बीतून केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो आणि तिथे विद्यावेतनही असतं.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा भागात औषध कंपन्या आहेत, पण तिथलं बरंचसं काम उत्पादन आणि क्वालिटी कंट्रोलचं. वोक्हार्टचं संशोधन केंद्र चिकलठाण्याला आहे, नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याच कंपनीचं. पण एका केंद्रावर भिस्त ठेवून चालत नाही. स्क्रीनिंगच्या, म्हणजे वर सांगितलेल्या चाळणीच्या कामाच्या, जास्त जागा हैदराबाद आणि बंगळूरला, सिंजीन, अॅरॅजेन, साई लाइफ सायन्सेससारख्या कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपन्यांत आहेत. लातूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, तेव्हा ‘पोरगी लांब जाईल’ हे कारण मला तरी पटत नाही.

एम.एस्सी.नंतर यंत्रंच आवडली, तर ती विकणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, म्हणजे ग्राहकाला यंत्र वापरायला शिकवणारी तज्ज्ञ, म्हणूनही काम मिळतं. त्यात फिरती खूप असते, घरच्यांची तयारी लागते. पण ते दोन वर्षांनंतरचं. सध्या जीएटी-बीचा फॉर्म कधी निघतो त्यावर लक्ष ठेवा आणि प्रोजेक्टचा विषय पक्का होण्याआधी तिला सरांना भेटायला सांगा.