फॉर्मेलिनमधून शिंपला आजच बाहेर काढा

अलिबागहून आणलेला, पिवळा स्पंज (एक समुद्री प्राणी) लागलेला शिंपला दोन महिने फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणात ठेवला, तो खडूसारखा झाला आणि प्रजाती काही ठरेना, हे तुमचं वाचलं आणि माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आठवला. मीही नाशकातच शिकले, नमुना फक्त रत्नागिरीचा.

कालवाच्या शिंपल्यावर मोहरीएवढी गोल भोकं आणि प्रत्येकातून डोकावणारा पिवळाधमक ठिपका. शिंपला पोखरणारा क्लायोना सेलाटा हाच स्पंज, असं मीही धरून चालले होते. हा स्पंज शिंपल्याच्या चुन्यातून बारीक कण कोरून बाहेर टाकतो आणि आत दालनं करून राहतो. ती दालनंच मला दाखवायची होती.

शुद्ध अल्कोहोलला परवाना लागतो. त्यासाठी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. दर वेळी नवं टेबल आणि तोच प्रश्न, "नाशकात समुद्र कुठे आहे?" कंटाळून कपाटातलं फॉर्मेलिन वापरलं. तिथेच घात झाला. साध्या फॉर्मेलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते चुना खातं. तीन महिन्यांनी शिंपला उचलला तर कड बोटांतच भुगा झाली. दालनं गेली, डीएनए तपासणीच्याही कामाचं काही उरलं नाही. त्या खेपांचा राग मला आजही येतो.

तुमचं सगळं गेलेलं नाही. क्लायोनाच्या सांगाड्याचे सूक्ष्म काटे सिलिकाचे, ते टिकतात. शिंपला आजच काढा, पाण्याने भरपूर धुवा आणि 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. एक छोटा तुकडा पुन्हा नीट धुऊन घरगुती ब्लीचमध्ये टाका. न धुता ब्लीच कधीच नको. मांस विरघळलं की सूक्ष्मदर्शकाखाली गोल डोक्याच्या टाचण्यांसारखे काटे दिसतील. सोबत बारीक खरखरीत काटेही असतील तर सेलाटा हे नाव देऊ नका. फक्त टाचण्याच दिसल्या तरी माझ्या मते "सेलाटा गट" एवढंच लिहा, कारण या नावाखाली दिसायला सारख्या अनेक प्रजाती आहेत. मी वर्गीकरणतज्ज्ञ नाही, शेवटचा शब्द त्यांचाच.

पुन्हा जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा, पाणी जास्त ओसरतं. जिवंत रंगाचा फोटो आधी काढा, अल्कोहोलमध्ये रंग उतरतो. नमुना थेट 95 टक्के अल्कोहोलमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, स्पंजमधल्या पाण्याने ते पातळ होतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आतच टाका. चुन्याच्या काट्यांचे स्पंज मात्र उचलू नका. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. आणि परवान्याचा अर्ज निघण्याच्या दोन महिने आधी द्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.