रोगजंतूंना लोहाची टंचाई कशी कळते? आणि प्रयोगात ती दाखवायला डायपिरिडिल पुरतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. रोगकारक जिवाणू धातूंच्या प्रमाणानुसार जनुकं चालू-बंद कशी करतात? आणि ई. कोलाय या जिवाणूच्या कल्चरमध्ये २०० मायक्रोमोलर डायपिरिडिल (लोहाला धरून ठेवणारं रसायन) टाकल्यावर एखादं जनुक वाढलं, तर 'हे लोहामुळे झालं' असं लिहिता येईल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: तेवढ्यावर नाही.

आपल्या शरीरात लोह भरपूर असतं, पण मोकळं जवळपास नसतंच. रक्तद्रवात ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्याला इतकं घट्ट धरतं की मुक्त फेरिक (Fe³⁺) आयन दहाचा उणे चोविसावा घात मोलरच्या आसपास उरतात. बहुतेक जिवाणूंना वाढायला मायक्रोमोलरच्या घरात लोह लागतं. त्यामुळे लोह आटलं की आपण यजमानाच्या आत आहोत हे जिवाणूला कळतं.

ई. कोलायमध्ये ही खबर 'फर' नावाचं प्रथिन ठेवतं. पेशीत फेरस (Fe²⁺) लोह पुरेसं असलं की ते फरच्या जोडीला चिकटतं, आणि ही जोडी प्रमोटरजवळच्या, म्हणजे जनुक जिथून चालू होतं त्या डीएनएच्या भागाजवळच्या, १९ बेसच्या ठरावीक क्रमावर जाऊन बसते. जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेझला मग तिथे जागाच उरत नाही. लोह घटलं की फर सुटतं आणि एंटेरोबॅक्टिनसारखे लोह ओढून आणणारे रेणू बनवणारी जनुकं चालू होतात.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण घटसर्पाच्या जंतूचं. माध्यमात लोह जरा वाढवलं की विष बनणं थांबतं, हे पॅपेनहायमर आणि जॉन्सन यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. गंमत अशी की विषाचं जनुक मुळात जिवाणूचं नाही, त्याच्यात घुसलेल्या फाजचं, म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचं आहे. पण ते दाबून ठेवणारं, लोह ओळखणारं डीटीएक्सआर हे प्रथिन जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावरून येतं. विष फाजचं, चाप जिवाणूचा.

जस्तासाठी झुर आणि मँगनीजसाठी एमएनटीआर ही प्रथिनं साधारण याच धाटणीने चालतात: धातू चिकटला की डीएनएवर बसायचं. तांब्याचं मात्र उलटं. क्षयाच्या जंतूतलं सीएसओआर हे प्रथिन तांबं चिकटल्यावर डीएनए सोडतं, कारण तिथे अडचण टंचाईची नसून अतिरेकाची असते. मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी आपली पांढरी पेशी. मॅक्रोफेज गिळलेल्या जंतूवर मुद्दाम तांबं सोडतो, आणि ते बाहेर फेकणारा पंप जंतूला तातडीने लागतो.

आता तुमचा प्रयोग. डायपिरिडिल पेशीच्या आत शिरतं हे बरंच आहे, पण ते जस्त आणि तांबंही थोडंफार धरतं. म्हणून एका नळीत लोह परत घालून जनुक खाली येतं का, ते पाहायलाच हवं. एका फेरस आयनाला तीन डायपिरिडिल लागतात, म्हणजे २०० मायक्रोमोलर डायपिरिडिल साधारण ६७ मायक्रोमोलर लोहाने भरतं. तेव्हा परत घालायचं फेरस सल्फेट १०० मायक्रोमोलर ठेवा. ५० घातलंत तर काहीच घडलं नाही असं वाटेल. द्रावण त्याच दिवशी, किंचित आम्लात करा. पिवळसर झालं तर टाकून द्या. डायपिरिडिलचा १०० मिलिमोलर साठा इथेनॉलमध्ये असेल, तर मिलिलिटरला २ मायक्रोलिटर पडतो. तेवढंच नुसतं इथेनॉल कंट्रोलमध्येही घाला. लोह मिळालं की नळी लालसर होते, तो रंग वाढीचा समजू नका.

खरा पुरावा फर काढून टाकलेल्या वाणातून मिळतो. त्यात तुमचं जनुक आधीपासूनच वर असलं पाहिजे आणि डायपिरिडिलने आणखी हलता कामा नये. इथे एक सापळा आहे. सोडबी, एसडीएच ही जनुकं लोह असताना वाढतात, त्यामुळे फर त्यांना चालू करतं असं वाटतं. प्रत्यक्षात फर आरवायएचबी या ९० न्यूक्लिओटाइडच्या छोट्या आरएनएला दाबतं आणि तो आरएनए या जनुकांच्या संदेशवाहक आरएनएचा नाश घडवतो. म्हणून क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या चाचणीत) संदर्भ जनुक म्हणून यांतलं एकही घेऊ नका, रायबोसोमच्या आरएनएचं १६एस जनुक चालेल.

लोह न घातलेलं माध्यम लोहमुक्त असतं हाही गैरसमज आहे. काच आणि 'शुद्ध' क्षारही लोह सोडतात. भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून आयनरहित पाण्याने धुवा, शक्य तिथे प्लास्टिक वापरा. चेलेक्स या धातू शोषणाऱ्या रेझिनने माध्यम साफ करत असाल तर ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही काढून नेतं. एम९ या मोजक्या क्षारांच्या माध्यमात ते अनुक्रमे २ आणि ०.१ मिलिमोलर परत घाला आणि पीएच पुन्हा मोजा. रोपण एलबी या पोषक माध्यमातून थेट करू नका. पेशींनी फेरिटिन या प्रथिनात साठवलेलं लोह पुढच्या काही पिढ्या पुरतं, म्हणून आधी एकदा-दोनदा एम९ मध्ये वाढवून घ्या.

फर प्रमोटरवर बसतं हे जेलवर दाखवायचं असेल, तर फेरस हवेत टिकत नाही, म्हणून त्याच्या जागी मँगनीज वापरतात. बंधन बफर, जेल आणि टाकीतला बफर या तिन्हींत १०० मायक्रोमोलर मँगनीज क्लोराइड घाला. आणि नेहमीचा टीबीई (ट्रिस-बोरेट-ईडीटीए) बफर मुळीच नको: त्यातलं ईडीटीए धातू काढून घेतं, फर डीएनएवरून सुटतं आणि डीएनएचा पट्टा फर नसल्यासारखाच, आपल्या नेहमीच्या जागी दिसतो. ईडीटीए नसलेला ट्रिस-बोरेट घ्या.