चिलापीचा रॉड कटल्याला, कटल्याचा मरळीला?

भिगवणला चिलापी धरायची आहे आणि कधी आठ-दहा किलोचा कटला लागला तर तोही निघावा, म्हणून एकच दणकट हेवी रॉड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. माझा पहिला रॉड असाच होता. दिवसभर कणकेचा गोळा खाल्ला जायचा आणि टोक हलायचं नाही. पाव-अर्धा किलोची चिलापी आमिष हळूच टोचते, ते जाड टोकाला कळतच नाही.

रॉड माशाच्या वजनावर निवडायचाच नसतो, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि फेकायच्या वजनावर निवडायचा. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, समजा ६–१२ एलबी (म्हणजे पौंड), ७–२१ ग्रॅम. पहिला आकडा तंगुसाच्या ताकदीचा, दुसरा शिसं-आमिषाच्या वजनाचा. १२ एलबी म्हणजे साधारण साडेपाच किलो. पण म्हणून सात किलोचा मासा निघणार नाही असं नाही. मासा पाण्यात असतो, रॉड वाकतो, रीळ तंगूस सोडत राहतं. त्यासाठी ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. १२ एलबीला दीड किलो पुरे. तंगुसाला हातातला वजनकाटा अडकवून ओढून बघा, अंदाजावर सोडू नका. माझा एक मोठा मासा केवळ ड्रॅग आवळलेला होता म्हणून तंगूस तोडून गेला, आणि गळ तोंडात घेऊन गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

चिलापीला सहा फुटी लाइट रॉड, ४–८ एलबी. रोहू-कटल्याला काठावरून लांब फेकायचं असतं, तिथे आठ-नऊ फुटी मीडियम हेवी, १०–२० एलबी. मात्र तो मधल्या भागापर्यंत वाकणारा हवा. या माशांचे ओठ मऊ असतात. ताठ रॉडने जोरात हिसका दिलात तर ओठ फाटून गळ सुटतो. मरळीचं नेमकं उलटं. तिचा जबडा हाडाचा, आणि ती लगेच जलपर्णीत शिरते. तिला सात फुटी ताठ, फक्त टोकाशी वाकणारा रॉड आणि ब्रेडेड (विणलेला) दोराच लागतो.

आत्ता एकाच रॉडचे पैसे असतील तर सात फुटी मीडियम, ६–१२ एलबी, दोन तुकड्यांचा घ्या. चिलापी कळते आणि मोकळ्या पाण्यात धीर धरलात तर कटलाही दमतो. स्वस्त टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, नको, त्याचे सांधे मोठ्या माशाला दगा देतात. साडेतीन फुटांचे दोन तुकडे स्वारगेटहून एसटीतही सहज नेता येतात.

हातजाळी मात्र आजच घ्या. मासा रॉडने उचलून काठावर घेताना टोकं मोडतात, लढताना क्वचितच. आणि धरणांतली मासेमारी बहुतेक ठेक्याने दिलेली असते, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या होडीतून बसायला मिळालं तर नऊ फुटी घरीच ठेवा. होडीत तो अडचणच करतो, साडेसहा फूट पुरे.