चुकलेल्या अध्यायांची थकबाकी

रोजचे बायबल वाचन मध्येच सुटले तर ते पुन्हा कोठून सुरू करावे, आणि सुटले म्हणून देव रागावला असेल का, हे दोन प्रश्न सांगली-मिरज भागातील ख्रिस्ती कुटुंबांतून माझ्याकडे वारंवार येतात. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांतील एक अनुभव येथे सांगते.

मिरजेच्या एक ताई एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतात. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचे, म्हणजे 66 पुस्तकांतील 1189 अध्याय रोज तीन-चार या हिशेबाने संपवायचे, असा नेम त्यांनी 1 जानेवारीला धरला. फेब्रुवारीच्या आरंभी, लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायापाशी, आईला दवाखान्यात दाखल करावे लागले आणि वाचन थांबले. आठवड्याभरात आई गेली. मार्चमध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या वहीत शंभरावर अध्याय बाकी दिसत होते आणि तो आकडा रोज वाढत होता. रात्री जागून त्या दहा-दहा अध्याय वाचत, परंतु वाचलेले सकाळी आठवत नसे. "मॅडम, कर्जदाराला मी नोटीस काढते, तशी देवाने मला काढली आहे असे वाटते," असे त्या म्हणाल्या.

हे वाचन राहिले नव्हते, ती वसुली झाली होती. मी धर्मोपदेशक नाही. देवाच्या मनाविषयीचा प्रश्न त्यांनी आपल्या चर्चच्या पाळकांना विचारावा, असे मी स्पष्ट सांगितले. मात्र त्यांनी जानेवारीतच वाचलेल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाची आठवण मी करून दिली. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, आदल्या दिवशीचा अपवाद सोडला, तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्नात किडे पडत. कालचा वाटा आज भरून काढण्याची सोयच तेथे नव्हती. ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग वही पिशवीत ठेवली.

आम्ही ठरवले ते साधे होते. बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31 आहेत, म्हणून ज्या तारखेला वेळ मिळेल त्या तारखेचाच अध्याय वाचायचा, आणि जो दिवस गेला तो गेला. मन जड असेल त्या दिवशी अध्यायाऐवजी एकच स्तोत्र, तेही मोठ्याने, सावकाश वाचायचे. वेळापत्रक लावून वाचणे चुकीचे आहे असे मला मुळीच वाटत नाही, अनेकांना त्याचा उत्तम आधार होतो. परंतु शोकाच्या काळात माणसाची वाचण्याची शक्तीच कमी होते, आणि त्या थकव्याला अश्रद्धा म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

चौथ्या भेटीत त्यांनी हेमान एज्राही याच्या नावावर असलेले 88 वे स्तोत्र वाचल्याचे सांगितले. इतर विलाप-स्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे मात्र अंधारातच संपते. "देवाला असेही बोलता येते?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, "आई गेल्यापासून मी प्रार्थनेत फक्त माफी मागत होते. आईबद्दल एक शब्दही बोलले नाही."

त्या दिवशी उरलेला सगळा वेळ त्या आईबद्दल बोलल्या.